एकविसावं भांडं

माणसांवर विश्वास ठेवू नये. हे मी पहिल्याच पानावर सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की कासवाने आधी सांगितलं नव्हतं.

शेजारच्या चित्रात जो हिरवागार गोळा दिसतोय, तो मी. मी हिरवा नाही. मी जुन्या पाट्यासारखा काळपट आहे आणि माझ्या कवचावर एकवीस चौकटी आहेत. चित्रात वीसच आहेत, कारण चित्र काढणारी मृणाली म्हणते की पान संपलं. मृणाली साडेनऊ वर्षांची आहे. तिचं मला ऐकून घ्यावं लागतं, कारण माझं बोलणं ऐकू येणारी सध्या ती एकटीच आहे. दुधाचे सगळे दात पडले की माणसाला आमचं बोलणं ऐकू येईनासं होतं. तिचा शेवटचा दात हलतोय. म्हणून मी घाईघाईने सांगतोय आणि ती लिहून घेतेय.

तर माझं तळं. भिवंडीजवळच्या अंजूर गावात, खाडीच्या बांधाला लागून. बांधाच्या पलीकडे खाडीचं खारं पाणी, अलीकडे आमचं गोडं पाणी आणि त्याला लागून भातशेतं. मी त्या तळ्याचा राखणदार. माझ्या कवचातल्या प्रत्येक चौकटीखाली एक भांडं असतं. पाण्यात असताना ते बोराएवढं असतं, पाण्याबाहेर काढलं की खऱ्या मापाचं होतं.

गावात लग्न निघालं की घरातली बाई आदल्या दिवशी तळ्यावर यायची. पायरीवर हळदकुंकू वाहायची, सुपारी ठेवायची आणि म्हणायची, "उद्या घरी मांडव हाय. भांडी दे." एवढंच. ना चिठ्ठी, ना जामीन. सकाळी पायरीवर एकवीस भांडी तयार. टोप, पराती, कळश्या, तपेल्या, गडू, वाट्या, आणि सगळ्यांत मोठा तांब्याचा हंडा, ज्यात अख्ख्या वऱ्हाडाचा भात शिजे.

लग्न उरकलं की तिसऱ्या दिवशी भांडी परत यायची. बाई पायरीवर बसून एकेक भांडं पाण्यात सोडायची. माझी एक तक्रार मात्र कायम होती. भांडी नीट विसळलेली नसत. वाट्या-गडवांतून काहीतरी गोडसर पाण्यात मिसळायचं आणि हंड्याच्या तळाशी हमखास तांदूळ असायचे. मासे खूश व्हायचे, मी नाक मुरडायचो. एवढी भांडी द्यायची, आणि यांना एक हंडा धड धुता येऊ नये? पण त्यापायी मी कधी कुणाला अडवलं नाही. देणाऱ्याने हात आखडता घेऊ नये, असं मी तेव्हा मानत होतो.

आता पुढचं ऐका.

चौदा वर्षांपूर्वी आनंदीबाई तळ्यावर आली. तिच्या वैशालीचं लग्न होतं, मुलगी टेमघरला दिली होती. आनंदीबाई मला आवडायची, हे आधीच कबूल करतो. लहानपणी ती माझ्याशी तासन्‌तास गप्पा मारायची. पुढे दात पडले, माझं बोलणं ऐकू येईना, तरी येता-जाता तळ्याशी थांबून विचारायची, "बरा हायेस ना रं?" आणि आपणच मान डोलावून पुढे जायची. गावात दुसरं कुणी मला असं विचारत नसे.

तिच्या घरचं लग्न म्हणून मी भांडी आतून घासून ठेवली. एकवीसच्या एकवीस दिली. लग्नाच्या दिवशी धवले गाणाऱ्या बायांचा आवाज पाण्यापर्यंत येत होता आणि मी घरचंच कार्य असल्यासारखा फुगून बसलो होतो.

तिसऱ्या दिवशी ती आली. एकेक करत वीस भांडी पाण्यात सोडली. मी हंड्याची वाट बघत होतो. ती थोडा वेळ पायरीवर नुसतीच उभी राहिली, पदर तोंडाशी धरला आणि निघून गेली. हंडा आला नाही.

वाटलं, जड आहे, उद्या आणेल. मग वाटलं, पाहुणे असतील घरी. आठ दिवस गेले, महिना गेला. हंड्याची चौकट उघडी पडली होती आणि तिथे पाणी थेट अंगाला लागायचं. थंडीत तर जीव कळवळायचा. पण खरं दुखत होतं ते दुसरीकडेच. दुसऱ्या कुणी हंडा दाबला असता तर मी चार शिव्या घालून गप्प बसलो असतो. आनंदीबाईने दाबला, हे मला सहन होईना. जिने मला बरा आहेस ना म्हणून विचारायचं, तिनेच माझ्या पाठीत भोक ठेवून जायचं?

मी भांडी देणं बंद केलं. एकट्या तिला नाही, सगळ्या गावाला. पुढच्या लग्नाला बायजाबाई आली, तिने हळदकुंकू वाहिलं, सुपारी ठेवली. सकाळी पायरी रिकामी. बिचारी दुपारपर्यंत उन्हात बसली आणि शेवटी मंडपवाल्याकडून भांडी आणायला भिवंडीला गेली. मी खालून बघत होतो. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. हळूहळू लोक यायचेच थांबले.

एकटी आनंदीबाई येत राहिली. दर वर्षी भातकापणीच्या दिवसांत, तेही रिकाम्या हातांनी. पायरीवर बसायची आणि पाण्याकडे बघून काहीतरी बोलू लागायची. तिचा पहिला शब्द फुटायच्या आत मी डोकं कवचात ओढून घ्यायचो. आत गेलं की बाहेरचं काही ऐकू येत नाही. चोराची कैफियत ऐकायचीच कशाला? चौदा वर्षांत ती चौदा वेळा आली आणि चौदाही वेळा मी आत होतो.

इथे मृणालीने डोकं नसलेलं कासव काढलंय. हे चित्र मात्र हुबेहूब जमलंय.

यंदा दिवाळीच्या तोंडावर तळ्यावर डंपर आले. भोवतालची शेतं एकेक करून गोडाऊनखाली गेलीच होती, आता तळ्याची पाळी होती. रोज दगडमातीचा भराव पडू लागला. बेडूक निघून गेले, पाणसाप निघून गेला. मलाही जाता आलं असतं. बांध चढायचा आणि पलीकडे खाडीत उतरायचं, एवढंच तर होतं. पण माझ्या पाठीत चौकट उघडी. खारं पाणी त्या उघड्या मांसात शिरलं असतं तर मी दोन दिवसही काढले नसते. हंडा जागेवर असता तर मी कधीच सुटलो असतो. म्हणजे आनंदीबाईच्या एका हंड्यापायी मी जिवंत गाडला जाणार होतो.

अशात एके दिवशी काठावर एक मुलगी चित्रवही घेऊन बसलेली दिसली. ती डंपर काढत होती.

"हे सोंडेसारखं काय काढलंयस?" मी विचारलं.

ती घाबरली नाही. इकडे तिकडे बघून तिने मला शोधून काढलं. "डंपर आहे तो. तू कासव आहेस ना? मग बोलतोस कसा?"

"तुझे दात किती पडायचे राहिलेत?"

"एक." तिने जिभेने दात हलवून दाखवला.

"म्हणून ऐकू येतंय. कुणाची तू?"

"मी टेमघरची. मृणाली. सुट्टीला आजीकडे आलेय. आनंदीबाई माझी आजी."

मी पाण्याखाली गेलो, तळाशी एक चक्कर मारली आणि राग जरा खाली बसल्यावर वर आलो. "तुझी आजी चोर आहे," मी म्हणालो. आणि मग तिला सगळं सांगितलं. लग्न, वीस भांडी, उघडी चौकट, खारं पाणी, भराव. चौदा वर्षं साठवलेलं होतं, ते एका दमात बाहेर आलं.

तिने सगळं ऐकून घेतलं. तिचे कान लाल झाले होते. "आजी चोर नाहीये," ती म्हणाली.

"मग माझा हंडा कुठाय?"

तिने पेन्सिलीचं टोक चावलं. मग हळूच म्हणाली, "तांब्याचा आहे का? काठाला चीर गेलेला?"

"तोच."

"तो आमच्या देवाजवळ असतो. आजी रोज घासते त्याला. कुणालाच हात लावू देत नाही, माझ्या आईला पण नाही."

ऐकलंत? माझा हंडा, माझ्या पाठीतला हंडा, ती रोज घासूनपुसून स्वतःच्या देवाजवळ मिरवत होती. 

"मी आणून देते," मृणाली म्हणाली. तिने डंपरकडे पाहिलं, उरलेल्या पाण्याकडे पाहिलं. "किती दिवस आहेत तुझ्याकडे?"

"पाच. फार तर."

"मग उद्याच आणते. आईशप्पथ."

आणि मी, एवढा शिकलासवरलेला म्हातारा, त्या शपथेवर विश्वास ठेवून बसलो.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मी सारखं डोकं वर काढून रस्त्याकडे बघत होतो आणि दर वेळी डंपरच येताना दिसत होता. चौथ्या दिवशी पायऱ्यांवर दगड कोसळले, एकच पायरी उरली. नात आजीवर गेली, मी म्हणालो. एकदा फसलेल्याची दया तरी येते, दोनदा फसलेल्याला लोक मूर्ख म्हणतात. पाचव्या दिवशी तळं एका खाटेएवढं राहिलं. मला रडू येत होतं. कासव पाण्यात रडलं तर कुणाला कळत नाही, पण आता अंग झाकेल एवढंही पाणी उरलं नव्हतं.

दुपारी शेवटचा डंपर मागे मागे येत होता आणि एकदम थांबला. चालवणारा भूपेश खिडकीतून ओरडत होता.

"आजी, कुठं चाललीस? भराव कच्चा हाय, पाय घसरंल."

"थांब रं जरा. एक भांडं परत द्याचं हाय," म्हातारीचा आवाज आला.

भूपेशने गाडी बंद केली. उतरून त्याने तिचा हात धरला आणि दगडांवरून एकेक पाऊल टाकत तिला खाली आणू लागला. आनंदीबाईच्या डोक्यावर माझा हंडा होता, उन्हात लखलखणारा. मागून मृणाली तिची साडी धरून उतरत होती.

चौदा वर्षांची सवय. माझं डोकं आपोआप आत निघालं.

"आत जाऊ नको," मृणाली वरूनच म्हणाली. "एकदा तरी ऐकून घे तिचं."

मी थांबलो. ती धावत माझ्याजवळ येऊन बसली. "मी दुसऱ्याच दिवशी आणणार होते. उचलला पण होता. आजीने हातातून काढून घेतला. म्हणाली, रिकामं भांडं परत द्यायचं नसतं."

"म्हणजे काय?"

"म्हणजे काय म्हणजे? कुणाचं भांडं परत देताना त्यात काहीतरी घालून देतात. काही नसेल तर चिमूटभर साखर. तुला एवढं पण माहीत नाही?"

मला माहीत नव्हतं. पाण्यात राहणाऱ्याला कसं माहीत असणार? आमच्याकडे भांडं रिकामं नसतंच, बुडालं की भरलं. मला एकदम त्या वाट्या आठवल्या, ते गोडसर पाणी आठवलं. हंड्यातले तांदूळ आठवले. इतक्या वर्षांत, इतक्या लग्नांनंतर, घराघरांतून मला काही ना काही येत होतं आणि मी म्हणत होतो, यांना भांडी घासता येत नाहीत.

आनंदीबाई उरलेल्या पायरीवर टेकली. हंडा मांडीवर घेतला, दम खाल्ला आणि पाण्याकडे बघून बोलू लागली. दर वर्षी बोलायची, तशीच.

"झाला रं यंदा भात. दरसाल तुला सांगत व्हते ना, थांब म्हनून. वैशीच्या लग्नाच्या साली आमच्या शेताकडचा बांध फुटला, खारं पानी शेतात शिरलं. घरात आपल्या शेताचा एक दाना न्हवता. बाकीच्या भांड्यांत साखर घातली. पन हंड्यात घरच्या शेताचा तांदूलच लागतो, माज्या आयेनं सांगलेलं हाय. तू माज्या लेकीच्या लग्नाला भांडी दिलीस, आन्‌ तुला दुकानातला तांदूल घालू? म्हनलं, येत्या साली देऊ. येत्या सालीबी जमिनीत मीठ, त्याच्या फुडच्या सालीबी मीठ. मंग शेतच गेलं गोडाऊनखाली."

तिने पदराने हंड्याचा काठ पुसला.

"जाताना चार घमेली माती आनली, परसात ड्रममंदी भरली. तिच्यातबी मीठच, दोन-तीन सालं काय उगवलंच न्हाय. मंग एका साली चिमन्यांनी खाल्ला, एका साली उंदरांनी. एका साली ट्रकवाल्यानं ड्रमच फोडला. पन मी येऊन सांगत व्हते का न्हाय तुला? एकबी साल चुकले न्हाय. तू कधी काय बोलला न्हायस. मना वाटलं, समजून घेतलंस."

मना वाटलं, समजून घेतलंस.

हे वाक्य लिहिताना मृणालीला मी दोनदा लिहायला सांगितलं. डोकं कवचात खुपसून बसलेल्या माझ्या रागाला ती बाई चौदा वर्षं माझी माया समजत होती. त्या भरवशावर ती दर पावसाळ्यात ड्रममध्ये भात लावत होती.

"परवा कापला," मृणाली हळूच मला सांगत होती. "आधी ओला होता. मग गच्चीवर वाळवला. मी दोन दिवस चित्रवही घेऊन चिमण्या हाकत बसले. आज सकाळी आजीने कांडला. मी सारखी म्हणत होते लवकर कर, लवकर कर."

आनंदीबाईने हंडा पुढे केला. तळाशी तांदूळ होता. दोन ओंजळी असेल, त्यातही निम्मी कणीच. तिने हंडा पाण्याला लावला, तसा तो आकसत बोराएवढा झाला. तांदूळ माझ्या पाठीवर सांडला, हंडा आपल्या जागी बसला आणि चौकट मिटली. चौदा वर्षांनी माझी पाठ बंद झाली.

माझ्याजवळ तिला ऐकवायला चौदा वर्षांचं भाषण तयार होतं. पण तिला माझा शब्द ऐकू जात नव्हता, आणि ते भाषण आता ऐकवण्यासारखंही राहिलं नव्हतं. विश्वासघात झाला होता, यात शंका नाही. फक्त तो तिने केला नव्हता. ती शब्दाला जागत होती, आणि मी गावातल्या पोरीबाळींच्या लग्नांना पाठ दाखवून, शेवाळात बसून, स्वतःला बिचारा म्हणवून घेत होतो. मला माझी इतकी लाज कधी वाटली नव्हती.

मी एकच करू शकत होतो, ते केलं. डोकं बाहेर काढलं. जितकं निघेल तितकं, पार मान ताणून, तिच्या हातापर्यंत.

तिने माझ्याकडे निरखून पाहिलं. कपाळावरचं कुंकू अंगठ्याला लावून माझ्या डोक्याला टेकवलं. "म्हातारा झालास रं," ती म्हणाली. "बरा हायेस ना?"

आणि नेहमीसारखी आपणच मान डोलावली.

मृणालीने भूपेशला काय सांगितलं कोण जाणे. त्याने मला दोन्ही हातांनी उचललं. "बाप रे, हंडे भरलेत का काय याच्या पोटात," म्हणाला. मला बांधापलीकडे नेऊन त्याने खाडीच्या चिखलात अलगद सोडलं आणि हात झटकून परत ड्युटीवर गेला. संध्याकाळपर्यंत तळं भरून झालं होतं.

आता मी खाडीत तिवरांच्या मुळाशी राहतो. पाणी खारट आहे, पण पाठीला लागत नाही. शेवटच्या चित्रात मृणालीने माझं तळं परत निळं रंगवलंय. मी तिला म्हणालो, ते आता नाही. ती म्हणाली, माहीत आहे मला. राहू दे.

पहिल्या पानावरचं वाक्य खोडू का, असंही ती विचारत होती. नको म्हणालो. चौदा वर्षं मी तेच म्हणत बसलो होतो, ते लिहिलेलं असू दे.

तुमच्या घरी लग्न निघालं तर बांधावर या. दगडावर सुपारी ठेवा, मांडव कधी आहे ते सांगा. एकवीस भांडी आहेत. आणि परत करायच्या वेळी घालायला घरात काहीच नसलं, तर भांडं रिकामंच घेऊन या.